इर्शाळवाडी : ढिगाऱ्यापर्यंतची वाट

दर मे महिन्यात आमच्या गटात नवी मुलं येतात. गट म्हणजे काय, घाटमाथ्यावरची तीसेक जणांची बिनपगारी फौज. कुणी शिक्षक, कुणी गॅरेजवाला, दोघं बँकेत, एक नर्सताई. कुणी दरीत पडलं, रानात वाट चुकलं, पुरात अडकलं की पोलीस ठाण्यातून फोन येतो आणि आम्ही निघतो. नव्यांच्या हातात पहिल्या दिवशी दोर देत नाही. इर्शाळवाडीचं, म्हणजे २०२३ साली दरडीखाली गाडल्या गेलेल्या वाडीचं प्रकरण समोर ठेवतो आणि विचारतो, "रात्रीचा एक वाजलाय, पाऊस धो धो पडतोय, तू पायथ्याशी पोचलायस. आता काय करणार?"

दहातले नऊ जण म्हणतात, "वर जाणार."

हा लेख त्या नऊ जणांसाठी आहे. त्या रात्री मी तिथे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पण ती वाट पायाखालची आहे. इर्शाळगडाला जाताना वाडीत टेकून चहा घेतलेल्या असंख्य ट्रेकर्सपैकी मीही एक. त्यामुळे १९ जुलै २०२३ च्या बातम्या पाहताना माझ्या डोक्यात आधी ती चढण आली.

आधी जागा समजून घेऊ. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक गाव आहे. तिथून आत नानिवली. नानिवलीपर्यंत गाडी जाते, पुढे पाय. उघड्या सोंडेवरून चढत गेलं की गडाच्या सुळक्याखाली, डोंगराच्या खांद्यावर ठाकर समाजाची ही वाडी. उन्हाळ्यात धडधाकट माणसाला तास लागतो, पाठीवर ओझं असेल तर दीड. मागे वळून पाहिलं तर मोरबे धरणाचं पाणी दिसतं, नवी मुंबईच्या नळांना येतं ते. वाडीला मात्र रस्ता नव्हता. ४८ घरं आणि २२८ माणसं, अशी सरकारी नोंद.

त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नव्हता. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. तिथे सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे आधीच्या तीन दिवसांत या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. बुधवारी रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला वाडीच्या वरचा उतार सुटला आणि झोपलेली घरं गाडत खाली गेला. वाडीतली काही तरुण पोरं शाळेच्या इमारतीत होती, ती जरा बाजूला होती म्हणून वाचली. हीच पोरं धावत सुटली आणि बातमी खाली पोचली. आसपासच्या वाड्या आणि चौकची माणसं सगळ्यात आधी वर गेली. त्यांच्या मागोमाग पोलीस, महसूलचे लोक, अग्निशमन दल आणि डोंगरी संस्थांचे कार्यकर्ते निघाले. खोपोलीची यशवंती हायकर्स त्यांत होती, आणि एरवी द्रुतगती मार्गावर अपघात झाला की धावणारी ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ ही मंडळीही. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. त्यांच्या तुकड्या पहाटे कामाला लागल्या.

चार दिवसांनी, २३ जुलैला शोध थांबवला. २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ जण सापडलेच नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. पुणे जिल्ह्यातल्या माळीणला २०१४ साली दरड कोसळली, १५१ जण गेले, पण तिथे जेसीबी पोचू शकले. इर्शाळवाडीला यंत्र चढवायला वाट नव्हती आणि हवा अशी, की सज्ज ठेवलेली हेलिकॉप्टरं वर जाऊ शकली नाहीत. म्हणजे माती काढायची ती टिकाव, फावडं, पहार आणि घमेल्याने, आणि यांतलं प्रत्येक घमेलं माणसाच्या डोक्यावरून त्या एका पायवाटेने वर आलेलं. टीव्हीवर लोक विचारत होते, "अजून माणसं का पाठवत नाहीत?" माणसं हजारावर आली असती. एका वेळी एकच पाऊल मावणारी चिखलाची वाट किती माणसं पेलते, हा खरा प्रश्न होता.

नव्या मुलांना आम्ही इथे फळ्यावर हिशेब करायला लावतो. समजा वर तीनशे जण राबतायत. दमट हवेत माती उपसणाऱ्याला दिवसाला किमान साडेतीन लिटर पाणी लागतं. झाले हजार-सव्वाहजार लिटर. एकाने पंधरा लिटर पाठीवर घेतलं, तर फक्त पाण्याच्या सत्तर-ऐंशी खेपा. त्यावर जेवण, प्लास्टिकचे कागद, टॉर्चचे सेल, हातमोजे, औषधं. तेवढ्यात वरून एक स्ट्रेचर खाली येतोय. निसरड्या उतारावर स्ट्रेचरला सहा ते आठ हात लागतात, मागून दोर धरून आवरायला दोघं आणि पुढे वाट मोकळी करायला एक. दहा मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणजे दुसरी फळी तयार हवी, तिच्या मागे तिसरी. एका जखमीला खाली आणायचं तर पंचवीस माणसं गुंततात, आणि तेवढा वेळ वर चढणारे सगळे कडेला अंग चोरून उभे.

हा हिशेब एकदा हाताने केला, की "वर जाणार" म्हणणाऱ्या दहाव्या, अकराव्या, चारशेव्या माणसाचं काय होतं ते कळतं. त्याला काम मिळत नाही, तो वाट अडवतो, चिखल आणखी मळतो, आणि वर जाऊन पाणी मागतो. त्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हेतूला वजन नसतं, वाटेला असतं.

चढण्याचीही किंमत आहे. त्या रात्री मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. प्रशिक्षित, गणवेशातला माणूस. आमच्याकडे यावरून एक नियम आला, पायथ्याशी उभा राहून नाडी मोजायची आणि खरं सांगायचं. रक्तदाब आहे, गुडघा दुखतो, रात्रभर गाडी चालवून आलोय, यातलं काहीही असलं तर खाली काम. यात कमीपणा मानणारा माणूस आम्ही दुसऱ्यांदा बोलावत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्यातले एक काका, नाव नको, साठीला टेकलेले, "मी शिवाजीनगरच्या टेकडीवर रोज जातो" म्हणून रुसून बसले होते. त्यांना वायरलेसवर बसवलं. त्या रात्री वायरलेसवरचा सगळ्यात शांत आवाज त्यांचाच होता.

वर पोचलेल्यांनी काय करायचं? पहिलं काम, ढिगाऱ्याला पाठ करून उभं राहायचं. सगळ्यांनी नाही, एकाने. सुटलेल्या उताराच्या वरचा भाग अजून लटकत असतो. पाऊस चालू असताना तो केव्हाही येऊ शकतो. त्यामुळे एक माणूस फक्त डोंगराकडे बघत उभा हवा, गळ्यात शिट्टी घालून. जगभर शोधपथकांत शिट्टीच्या खुणा ठरलेल्या आहेत. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, चिडीचूप. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून बाहेर पळा. एक लांब आणि एक छोटी म्हणजे पुन्हा सुरू. ओढा अचानक गढूळ झाला, आटला, बारीक दगड घरंगळायला लागले, झाडं कलली, की विचारत बसायचं नाही, तीन शिट्ट्या. हे काम सर्वांत कंटाळवाणं आहे. इतर जण माती उपसतायत आणि तुम्ही पावसात अंधाराकडे बघत उभे. मुलं यावर तोंड वाकडं करतात. म्हणून हे काम आम्ही सगळ्यात अनुभवी माणसाला देतो.

लांब शिट्टीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो. काम थांबवून गप्प बसायचं कारण म्हणजे खालून येणारा आवाज. तीन-चार मिनिटं कुणी बोलायचं नाही, टिकाव टेकवायचा नाही, मोबाइल बंद. पावसाचा आवाज, वाऱ्याचा आवाज, आणि त्याखाली काही आहे का. सरावात आम्ही एकाला जुन्या गोठ्याच्या पडीत झोपवतो आणि दगडावर दगड आपटायला सांगतो. वर उभ्या वीस जणांपैकी आवाज पहिल्यांदा दोघांनाच ऐकू येतो, आणि दोघं दोन वेगळ्या दिशा दाखवतात.

दुसरं काम म्हणजे खणायचं कुठे ते ठरवणं. इथे बाहेरून आलेला माणूस, कितीही तरबेज असो, आंधळा असतो. वाडीचा माणूस बोट दाखवून म्हणतो, "इथं माझ्या भावाचं घर." त्याचं बरोबरच असतं, पण घर आता तिथे नसतं. दरडीने ते उचलून उतारावर कितीतरी खाली नेलेलं असतं. कौलं एकीकडे, चूल दुसरीकडे. म्हणून वाचलेल्यांपैकी एकाला शेजारी बसवून आधी कागदावर वाडी काढायची. घरं कोणत्या ओळीत, कुणाची पडवी कुठे, रात्री कोण कुठे झोपायचं. मग मातीत जे निघेल, पातेलं, रंगीत गोधडी, दाराची चौकट, ते कुणाच्या घरचं हे त्यालाच विचारायचं. पातेल्यावर नाव कोरलेलं असतं आपल्याकडे. लग्नात आलेल्या भांड्यावरच्या त्या चार अक्षरांवरून माती किती सरकली याचा अंदाज येतो आणि पुढचा खड्डा कुठे घ्यायचा ते ठरतं.

हे विचारताना समोरच्या माणसाच्या घरचे चार जण त्या मातीखाली आहेत, हे लक्षात ठेवायचं. प्रश्न एकाच माणसाने विचारायचे. दर तासाला नवा कार्यकर्ता येऊन "दादा, तुमचे किती जण?" असं विचारतोय, हा छळ आहे.

आणि आता यादी. मला विचाराल तर या प्रकरणाचा गाभा इथे आहे, ढिगाऱ्यावर नाही.

पहिल्या रात्री किती जण गाडले गेले, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शंभरावर असतील असा अंदाज होता. पण ठाकरवाडीतली सगळी माणसं रोज रात्री वाडीत नसतात. मुलं आश्रमशाळांत राहतात. कुणी मजुरीला गेलेलं, कुणी पाहुण्यांकडे, कुणी मासे धरायला. पुढच्या दिवसांत यातले लोक एकेक करून सापडत गेले, बेपत्तांचा आकडा खाली येत गेला आणि शेवटी ५७ वर थांबला. म्हणजे ढिगाऱ्यावर पहार न चालवता, फक्त माणूस दुसरीकडे सुखरूप आहे एवढं समजल्यामुळे, कितीतरी नावं मृत्यूच्या संशयातून सुटली. हे काम आश्रमशाळेत जाऊन, नातेवाइकांना फोन करून, रेशनकार्डावरची नावं एकेक वाचून होतं. चिखल लागत नाही, फोटो निघत नाही.

आमचा स्वतःचा धडा याच बाबतीतला आहे, आणि तो लाजेचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका किल्ल्यावर रात्रभर एका कॉलेजच्या मुलाला शोधत होतो. गटातले त्याचे मित्र म्हणत होते, तो मागे राहिला. चाळीस जण, धुकं, दोन दऱ्या पालथ्या घातल्या. पहाटे त्याच्या मावशीला फोन केला तेव्हा कळलं, पोरगा भांडण झालं म्हणून आधीच्याच एसटीने घरी जाऊन झोपला होता. आम्ही मित्रांना विचारलं, घरी विचारलं नव्हतं. वर आमच्याच माणसांची नोंद नव्हती. सकाळी उतरल्यावर मोजलं तर एक कमी. तासभर बोंबाबोंब. तो गडी दुसऱ्या वाटेने उतरून मिसळ खात बसला होता.

तेव्हापासून आमच्याकडे एक शाळेची वही असते, लांबट, पुठ्ठ्याची. पायथ्याशी एक जण ती घेऊन बसतो. वर जाणाऱ्याचं नाव, वेळ, घरचा फोन, रक्तगट. उतरलास की सही. वहीत नाव नसेल तर वाटेवर पाऊल नाही. आमदार असो, पत्रकार असो, त्याचाही हट्ट चालत नाही, निदान आम्ही तरी प्रयत्न करतो. इर्शाळवाडीत पहिल्याच रात्री मंत्री चढून गेले, दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्रीही चढले. त्याने यंत्रणा हलते, हे मान्य. पण प्रत्येक मोठ्या माणसाबरोबर वीस जण चढतात, आणि वाट तीच एक. पुढे प्रशासनाने नानिवली आणि वाडीकडे जाण्यावर जमावबंदी लावली. बाहेरच्यांना ती कठोर वाटली. मला ती उशिरा आली असं वाटतं.

या सगळ्यात स्वयंसेवकाची कायदेशीर जागा कुठली, हेही मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्ह्यात प्राधिकरणाचा प्रमुख जिल्हाधिकारी. घटनास्थळ त्याच्या ताब्यात असतं, आपण पाहुणे. त्यामुळे परस्पर गाडी काढून जायचं नाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, १०७७ ला कळवायचं की आमच्याकडे इतकी माणसं, इतके दोर, दोन स्ट्रेचर, एक नर्स आहे, हवं का? "नको" म्हणाले तर घरी राहायचं. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजनाही याच विचाराची आहे. २०१६ मध्ये पूरप्रवण ३० जिल्ह्यांत ती सुरू झाली, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली. बारा दिवसांचं प्रशिक्षण, किट, विमा. बारा दिवसांत कुणी बचावपटू होत नाही. पण आपल्याला काय येत नाही हे बारा दिवसांत नीट कळतं, आणि प्रशासनाच्या कागदावर तुमचं नाव येतं. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी अंगातल्या ताकदीपेक्षा जास्त उपयोगी.

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. पावसात, मातीत, तिसऱ्या दिवशी वास सुरू होतो. जनावरंही गाडली गेलेली असतात. मास्कला बाम लावून माणसं काम करतात. तोवर जिवंत माणूस निघण्याची आशा जवळजवळ संपलेली असते, आणि हे ठाऊक असूनही घमेली चालू ठेवायची असतात, कारण बाजूला बसलेल्या आजीला तिचं माणूस हवं आहे, कसंही. पहिल्या रात्रीचा उत्साह इथे कामाचा नसतो. आम्ही तिसऱ्या दिवशी नव्यांना वर नेत नाही, आणि जुन्यांनाही दोन तासांवर ठेवत नाही. उतरल्यावर गरम पाण्याने हातपाय धुणं, पायाच्या जखमा तपासणं, लेप्टोच्या, म्हणजे चिखलपाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणं, हे सक्तीचं. आणि घरी जाताना एकट्याने गाडी चालवायची नाही. एकदा एका मुलाने महिनाभर मातीची ढेकळं स्वप्नात पाहिली. त्याने कुणाला सांगितलं नाही, त्याच्या आईने सांगितलं.

२३ तारखेला पालकमंत्र्यांनी शोध थांबवल्याचं जाहीर केलं. असा निर्णय दुरून निष्ठुर वाटतो. पण उतार अजून सैल, पाऊस चालू, हाताने खणायची माती अफाट, आणि खणणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी कुणाची तरी असते. तो निर्णय बरोबर होता, असं माझं मत. आमच्या वर्गात यावर दर वर्षी भांडण होतं आणि ते मी होऊ देतो.

त्यानंतर टीव्हीच्या गाड्या गेल्या. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं. स्वयंसेवकाचं काम तेव्हा संपतं असं नव्या मुलांना वाटतं. पण ज्या घराबरोबर माणसं गेली, त्या घराबरोबर रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला, सगळं गेलं. आणि जे ५७ सापडले नाहीत, त्यांच्याबाबतीत आणखी एक अडचण. एरवी कायद्यात बेपत्ता माणसाला मृत मानायला सात वर्षं थांबावं लागतं. इथे सरकारने त्यांना मृत धरायचं ठरवलं, म्हणून वारसांना मदत मिळायची वाट मोकळी झाली. पण त्यासाठी प्रत्येकाचं नाव, वय, नातं लिहून द्यायचं होतं, आणि लिहून देणारा अनेकदा पंधरा-सोळा वर्षांचा, आश्रमशाळेतून आलेला मुलगा असणार.

पायथ्याशी पोचल्यावर काय करणार, या प्रश्नाला गेल्या मे महिन्यात एका मुलीने वेगळं उत्तर दिलं. ती तलाठी कार्यालयात काम करते. म्हणाली, "सर, वही कुणाकडे आहे ते विचारणार." तिला पहिल्याच कॉलला वहीवर बसवली.